चार ते पाचच्या जाहिराती

मंगळवार, ६ एप्रिल १९९९

रोज दुपारी चार ते पाच आमच्या घरात जाहिराती कुठून येतात? मला माहीत नाही. घरातली पहिली पदवीधर, तीही इंजिनियर, आणि मला माहीत नाही. हे मी फक्त इथे कबूल करते. आमच्या घरात मराठी बोलतात सगळे, पण वाचायला मी एकटीच शिकले, मराठी मंडळाच्या वाचनालयात. अण्णा-आईचं लिहिणं-वाचणं कन्नडमध्ये. त्यामुळे ही वही सुरक्षित आहे.

आधी मांडणी लिहून ठेवते, म्हणजे चूक सापडेल. घरात तीन कॉम्प्युटर, तिन्ही एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेले. एक हॉलमध्ये, एक माझ्या खोलीत, तिसरा फोनशेजारच्या कपाटात खालच्या कप्प्यात. तिन्ही एका काळ्या तारेने जोडलेत. इंटरनेटचा फोन फक्त तिसऱ्यालाच लावता येतो, बाकी दोघांनी त्याच्यामार्फत बाहेर जायचं. म्हणून त्याचं नाव नाका. नाक्यावर जाहिराती पाठवणाऱ्या ठिकाणांची यादी आहे. त्यातलं चित्र आत येऊ लागलं की नाका ते अडवतो आणि त्या जागी पांढरी पट्टी देतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं काही बसवायला नको. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नाक्याच्या ओळीपुढे एक टिक करायची, बस.

परवा रविवारी हे पहिल्यांदा चाललं तेव्हा अण्णा पाव तास माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"ती टिक कशाला पुट्टी?" पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी, म्हणजे मी.

"ती असली की नाक्यावरून जायचं."

"आणि काढली तर?"

"तर सगळा कचरा आत."

"सरी," म्हणाले, म्हणजे ठीक, आणि आणखी थोडा वेळ बघत राहिले. अण्णांना माझ्या कामात रस वाटतो याचं मला बरं वाटलं.

त्याच दिवशी जेवताना मी दोघांना त्यामागचं तत्त्वही समजावलं. कुणी न बोलावता आपल्या डोळ्यांत घुसणं म्हणजे जाहिरात, ती घाण आहे, आणि शिकलेल्या माणसाने निदान आपलं घर त्यातून सोडवलं पाहिजे. आई म्हणाली, "सारू वाढू?" अण्णांना कुठेतरी जायचं असावं. भात तसाच टाकून हात धुवायला उठले.

आता चूक. काल आणि आज, चारनंतर फोन लागल्याची नोंद आहे. पण नाक्यातून एकही पान गेल्याची नोंद नाही. आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरवर साठलेल्या चित्रांत जाहिराती आहेत, ढीगभर, सगळ्या चार ते पाचमधल्या. त्या वेळी मी मल्लेश्वरमला क्लासमध्ये शिकवत असते. साडेपाचला घरी येते तेव्हा नाका शहाण्यासारखा काम करत असतो.

बुधवार, ७ एप्रिल

मी नाक्याबद्दल ज्यांना ई-मेल केली होती त्या सुशांत सरांचा फोन आला. ते पुण्याचे, इंदिरानगरला त्यांची पाच माणसांची कंपनी आहे. माझा नाका त्यांना ऑफिसांना विकण्यासारखा वाटतो. "पण मला तो घरात, रोजच्या वापरात बघायचाय," म्हणाले. "रविवारी अठराला येतो. आठवडाभराचा लॉग दाखवा, एकही अ‍ॅड सुटलेली नको. जमलं तर तुम्ही आमच्याकडे जॉइन व्हा, सिंपल."

मग विचारलं, "संहिता एम. म्हणजे आडनाव एम?"

"नाही, वडिलांचं नाव. मालोजीराव. इकडे असंच लावतात."

"अच्छा. काय करतात वडील?"

मी म्हटलं, "डिझाइनमध्ये आहेत."

अण्णा तेव्हा हॉलमध्येच होते, पिवळ्या रंगात टर्पेंटाइन ढवळत. ढवळणं स्वल्प थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. ते खोटं नाही असं मला वाटतं. अण्णा भिंतींवर आणि पत्र्याच्या बोर्डांवर जाहिराती रंगवतात. डाळमिलची भिंत, बनियनची भिंत, दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड. उजाडताना निघतात, ऊन चढलं की शिडी उतरवतात, तीन वाजता घरी. त्यात डिझाइन असतंच. फक्त जाहिराती अडवणाऱ्या मुलीने पहिल्याच फोनवर हे सांगायला हवं होतं असं काही नाही.

रविवारी अण्णांना शहराबाहेरच्या कारखान्यांकडचं काम मिळालं तर बरं होईल. तो परिसर लांब आहे. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

शुक्रवार, ९ एप्रिल

नाक्याला ताप येतो असा माझा निष्कर्ष आहे. कपाटात हवा नाही, दुपारी ऊन भिंतीवर येतं, चारपर्यंत मशीन तापत असणार आणि यादी वाचणं सोडून देत असणार. सकाळी कपाटाचं दार काढलं. स्क्रू काढायला अण्णांनी मदत केली, टॉर्चही त्यांनीच धरला.

"रोज चारलाच तापतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोनला ऊन जास्त असतं ना?"

"उष्णता साठत जाते अण्णा."

"हौदा?" म्हणाले, म्हणजे असं का. "आणि पाचला उतरते?"

त्यांच्या प्रश्नांत एक पद्धत असते. शिकले असते तर चांगले इंजिनियर झाले असते. आईचा टेबलफॅन नाक्यासमोर लावलाय. आई म्हणते, मशीनला वारा आणि मला पदर.

संध्याकाळी तपासलं. ४.०९ ते ४.५५, बत्तीस जाहिराती. पंखा चालूच होता.

शनिवार, १० एप्रिल

यादीत नावं कमी असतील म्हणून एक सरसकट नियम केला. पत्त्यात कुठेही इंग्रजीतली ए आणि डी ही अक्षरं लागून आली की अडवायचं. जाहिरातवाल्यांच्या पत्त्यांत ती बहुतेक असतातच. अर्ध्या तासात कॉलेजचं अ‍ॅडमिशनचं पान गेलं, दोन वर्तमानपत्रं गेली, आणि हैदराबादबद्दलचं एकही चित्र येईना.

मी हे आईला सांगत होते, तर अण्णा बाहेरून म्हणाले, "आख्खं हैदराबाद पुसलंस? मला एक टपरी पुसायची तर मालकाला विचारावं लागतं."

नियम काढला. चार ते पाचच्या जाहिराती त्यातूनही आल्या होत्या, हे जास्त लागलं.

सोमवार, १२ एप्रिल

आता संशय आईच्या मिक्सरवर. मिक्सर लावला की हॉलमधला दिवा मंद होतो, तसाच नाकाही गोंधळत असेल.

"आई, चारला तू मिक्सर लावतेस?"

"चारला मी कॉफी करते."

"रोज?"

"तुझ्या अण्णांना पाजायची असते ना."

"आणि अण्णा कुठे असतात त्या वेळी?"

"कुठे असणार? घरात." आणि मग एकदम, "तुझ्या फिल्टरचं तू बघ, माझ्या कॉफीच्या फिल्टरचं मी बघते."

आई सहसा चिडत नाही. चाचणी म्हणून दहा मिनिटं रिकामा मिक्सर फिरवला. नाक्यावर काही परिणाम नाही. शेजारच्या रत्नाबाई मात्र काय दळताय म्हणून विचारायला आल्या.

हॉलमधल्या माउसवर निळा डाग पडलाय, अंगठ्याएवढा. जुन्या सामानाचं हे असंच. पुसायला अण्णांकडे टर्पेंटाइन मागितलं. कशाला ते न विचारता त्यांनी लगेच दिलं, वर स्वतःच पुसूनही दिलं.

डाळमिलच्या भिंतीवरचं त्यांचं नवं काम आज बसमधून दिसलं. अक्षरं पुढे झुकलेली, जशी धावतायत, आणि भोवती पिवळ्या चौकोनांची लुकलुकणारी कड. असं अण्णा पूर्वी करत नसत. कुठून सुचलं कोण जाणे. फार छान दिसतं.

मंगळवार, १३ एप्रिल

४.०७ ते ४.५२. एकेचाळीस.

बुधवार, १४ एप्रिल

आज सुट्टी, दिवसभर घरी होते. तीनपासून हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसले, हातात वही घेऊन. चार ते पाच एकही जाहिरात नाही! सहालाही नाही. नाका बरा झाला. काल तारेचं एक टोक घट्ट केलं होतं, तेच कारण असणार.

अण्णांना मात्र आज बरं नसावं. तीनदा येऊन घड्याळ बघून गेले. दोनदा कॉफी प्यायले. साडेचारला म्हणाले, "पुट्टी, तुझ्या मैत्रिणी नाहीत का कुठे?"

गुरुवार, १५ एप्रिल

४.०४ ते ५.०१. अठ्ठावन्न. कालच्याही भरून काढाव्यात तशा.

आता तीन दिवस उरले. सुशांत सरांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "त्या टायमाला घरी कोण असतं?"

"आई आणि अण्णा. पण त्यांना कॉम्प्युटर येत नाही."

"शुअर?"

"सर, अण्णा व्हिडिओचा रिमोटसुद्धा माझ्याकडे देतात."

 मग म्हणाले, "रविवारी बघू." नोकरी गेली असं समजून मी आज कुणाशी बोलले नाही.

शुक्रवार, १६ एप्रिल

क्लासमध्ये दुपारी वीज गेली, जनरेटरही बंद. सगळ्यांना घरी सोडलं. साडेचारला मी आमच्या दारात होते.

अण्णा हॉलमधल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, शिडीवर बसायच्या सवयीने. मांडीवर मापांची वही, कानावर पेन्सिल. आई शेजारी स्टुलावर, हातात कॉफी. पडद्यावर एक पट्टी लुकलुकत होती. आई म्हणत होती, "तो हिरवा परत आणा हो. नाचतो तो."

"अण्णा!"

अण्णा उठले नाहीत. आई उठली. "मी म्हटलं होतं, पाचच्या आत बंद करा म्हणून."

"आई, अजून साडेचारच झालेत."

"मग तूच लवकर आलीस."

"टिक तुम्ही काढता?" मी अण्णांना विचारलं.

"काढतो. पाचला परत करतो. जिथला ब्रश तिथे."

"पण सेटिंग सापडलं कसं?"

"वरची चौथी पाटी, मग खाली शेवटचं, मग डावीकडे तिसरी चौकट. तूच तर दाखवलंस. वीस फुटांची भिंत एकदा बघून घरी कागदावर उतरवतो मी. हे वीतभर आहे."

म्हणजे नाका बरोबर होता. टिक काढली की पान नाक्याची यादी चुकवून बाजूने जात होतं, मी माझ्या ई-मेलसाठी ठेवलेल्या मोकळ्या रस्त्याने. ताप, मिक्सर, तार, काहीच नाही. भोक मीच ठेवलं होतं आणि त्यातून माझेच वडील जात होते. मला रडावं की हसावं कळेना.

"स्वल्प थांब, हे बघ," अण्णांनी वही पुढे केली. पानभर पट्ट्या उतरवलेल्या, रंगांच्या खुणांसकट. "हा हात बघ. इथे दाबा म्हणून बोट दाखवतोय, बोटाला नखच नाही. आणि लालवर हिरवं अक्षर! आमच्यात असं केलं तर गिऱ्हाईक शिडी ओढेल. पण हा एक बघ. दोन शब्द, बाकी जागा रिकामी. हा पेंटर चांगला आहे. कुठला असेल?"

"अण्णा, पण का? माझी नोकरी आहे यावर."

ते पेन्सिल कानामागून काढून बघत बसले. "तू जेवताना म्हणालीस, जाहिरात म्हणजे घाण. म्हटलं बघू तरी, तीस वर्षं काय करत होतो."

आई म्हणाली, "असं बोलू नका."

"घाण आहेच बरीच," अण्णाच पुढे म्हणाले. "तुझं खोटं नाही. आणि चुना मारण्याला माझी हरकत नाही, मी आयुष्यभर मारलाय. पण तू मारतेस आणि पांढरी सोडतेस, ते चूक."

"म्हणजे?"

"भिंत पांढरी केली की संध्याकाळच्या आत तिच्यावर ‘राखीव’ लिहायचं, खाली पेंटरचं नाव. मग यशवंतपूरचा कुठलाही पेंटर तिला हात लावत नाही, महिना गेला तरी. नाव नाही टाकलं तर सकाळी ती कुणाचीही. भांडायला तोंड राहत नाही. तुझ्या सगळ्या भिंती पांढऱ्या पुट्टी. मग लोक येणारच."

तांत्रिकदृष्ट्या यातलं एकही वाक्य बरोबर नाही. ते मी त्यांना सांगणार होते. त्याऐवजी नाका देतो त्या पांढऱ्या पट्टीचं माप सांगितलं: चारशे अडुसष्टला साठ.

"इंच?" अण्णांनी विचारलं.

"ठिपके."

"अय्यो," म्हणाले, आणि सगळ्यात बारीक ब्रश शोधायला गेले.

शनिवार, १७ एप्रिल

अण्णांनी कामाला सुट्टी घेतली. संसाराच्या सव्वीस वर्षांत, लग्न आणि मर्तिक सोडून, पहिल्यांदा, असं आई म्हणते. जाड पुठ्ठ्यावर हातभर लांबीची पट्टी. निळी जमीन, त्यावर पिवळ्यात ‘राखीव’, आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत. उजव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत मालोजी आर्ट्स, यशवंतपूर. इतका बारीक हात त्यांनी पूर्वी फक्त एका घड्याळाच्या तबकडीवर चालवला होता.

दुपारी रस्त्यापलीकडच्या डीटीपीवाल्याकडून दोन तुकड्यांत स्कॅन करून आणली. नाक्याच्या प्रोग्रामात जिथे पांढरी पट्टी द्यायची तिथे ही द्यायला सांगितली. पहिलंच पान उघडलं आणि वर ‘राखीव’, खाली ‘राखीव’, मध्ये बातमी. आईने टाळ्या वाजवल्या.

मग एक उभी, अरुंद जाहिरात अडली. तिथे तीच पट्टी उभी ताणून बसली. अण्णा खुर्चीतून उठलेच. "अक्षर ताणलं! कोण म्हणेल हे माझं काम?" आता उभ्या जागेसाठी वेगळा बोर्ड रंगवणं चालू आहे. उद्या सुशांत सर येणार ते त्यांच्या लक्षातही नाही.

ही जाहिरातच आहे हे मला कळतं. इथे तरी स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिराती अडवणाऱ्या माझ्या नाक्यावर आता एकच जाहिरात दिसते आणि ती माझ्या वडिलांची आहे.

रविवार, १८ एप्रिल

सुशांत सर अकराला आले. रिक्षातून उतरले ते थेट रंगाच्या डब्यांत. आईने उप्पिट दिलं. मी लॉग पुढे ठेवला. आठवड्यात चार दिवस, चार ते पाच भोक.

"हे काय?"

"अण्णांची वेळ," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ते एवढे हसले की उप्पिट घशात अडकलं. मग नाका बघितला, पानामागून पान उघडलं. दहाव्या ‘राखीव’ला त्यांनी विचारलं, "कुणासाठी राखीव?"

अण्णा दारात उभ्या बोर्डला शेवटचा हात देत होते. "ते अजून ठरलं नाही," म्हणाले.

सुशांत सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाला होतात, वडील डिझाइनमध्ये..."

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "हो, डिझाइनच. पत्र्यावर."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. फोनवर मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, आणि तेच माझ्यासाठी सांभाळून घेत होते. मी म्हटलं, "सर, अण्णा भिंतींवर जाहिराती रंगवतात. डाळमिलची भिंत येताना तुम्हाला दिसली असेल."

"ती धावणारी अक्षरं? ती तुमची?" ते अण्णांना म्हणाले. अण्णांनी नुसती मान हलवली आणि कड पुसत राहिले.

जाताना सुशांत सर दारात थांबले. "काम पक्कं आहे तुमचं. बाजूचा रस्ता बंद करा आणि ती पट्टी काढा. कस्टमरच्या ऑफिसात यशवंतपूरचा पेंटर नको दिसायला, प्लेन व्हाइट ठेवा. मंगळवारी फ्लॉपी आणा, आपण लेटर देऊ." मग हळू आवाजात, "छान आहेत हो वडील. पण बिझनेस इज बिझनेस."

सोमवार, १९ एप्रिल

बाजूचा रस्ता बंद केला, ई-मेलपुरता सोडून. बरोबर केलंय, तीनदा तपासलं. आमच्या घरी हॉलमधल्या कॉम्प्युटरला चार ते पाच तो उघडा असतो. आईला तो नाचणारा हिरवा बघायचा असतो.

पट्टीचं काय करायचं ते दिवसभर ठरवत होते. पांढरी द्यावी, पत्र घ्यावं, कामाला लागावं. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीने पहिली नोकरी वडिलांच्या सहीवरून घालवू नये. कागदावर दोन बाजू लिहिल्या, पांढऱ्याची बाजू मोठी झाली.

मंगळवार, २० एप्रिल

फ्लॉपी बारा वाजता इंदिरानगरला देऊन आले. सुशांत सर बाहेर गेले होते म्हणून त्यांच्या टेबलावर ठेवली. दोन्ही बोर्ड तिच्यात आहेत, आडवा आणि उभा, अक्षर न ताणता. तिथल्या एका मुलाने लगेच चालू करून पाहिलं. मी जिना उतरत होते तेव्हा वर कुणीतरी मोठ्याने वाचत होतं, "रिझर्व्ह्ड, मालोजी आर्ट्स," आणि हसत होतं. मी परत वर गेले नाही.

सूचनांचा कागद सोबत जोडलाय. त्यातला शेवटचा मुद्दा असा: अडवलेल्या जागी दुसरं काही हवं असल्यास माप घेऊन यशवंतपूरला यावं, पेंटर दुपारी तीननंतर घरी भेटतात. पांढरं सोडण्याची सोय ठेवलेली नाही.